छोट्या कागदावरची नदी आणि पक्षी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांनी काढलेली चित्रे अधूनमधून प्रसिद्ध होतात. त्यांत नदी आणि पक्षी असलेली छोटी निसर्गचित्रे सर्वांत अधिक असतात, याचा मला मनापासून आनंद होतो. मात्र यांतली बरीचशी चित्रे प्रत्यक्ष पाण्याकाठी बसून नव्हे, तर मोबाइलवरचे छायाचित्र किंवा झटपट चित्रकला शिकवणारा एखादा व्हिडिओ समोर ठेवून काढलेली असावीत, असे त्यांच्यातल्या सारखेपणावरून वाटते. नारिंगी संध्याकाळ, कागदाच्या तळापासून वरपर्यंत नागमोडी चढत गेलेली नदी आणि आकाशात ‘व्ही’ अक्षरासारखे तीन-चार फटकारे, म्हणजे पक्षी. ही चित्रे काढणाऱ्यांच्या हातात कसब आहे, हे त्यांच्या वॉशवरून, म्हणजे पातळ रंगाच्या सलग थरांवरून, स्पष्ट दिसते. म्हणूनच हे पत्र कोणाला नाउमेद करण्यासाठी लिहिलेले नाही. आपण छोटा आकार निवडला आहे, तर तो कागद घेऊन नदीवर जावे आणि तिथे जे दिसते ते रंगवावे, एवढेच मला आग्रहाने सांगायचे आहे. आपल्या वृत्तपत्राकडेही त्या अनुषंगाने एक विनंती आहे.

छोटे चित्र म्हणजे मोठ्या चित्राची तालीम किंवा फावल्या वेळचा छंद, असा एक समज रूढ आहे. काही प्रदर्शनांच्या नियमांत चित्राचा किमान आकार ठरवून दिलेला असतो आणि पोस्टकार्डाएवढे काम परीक्षकांपुढे जातच नाही. वास्तविक उघड्यावर बसून काम करणाऱ्याच्या दृष्टीने हा आकार सर्वांत समंजस आहे. सकाळचा प्रकाश पाण्यावर फार वेळ एकसारखा राहत नाही. सावल्या सरकतात, वारा सुटतो आणि मघाचे स्वच्छ प्रतिबिंब विस्कटते. १० बाय १५ सेंटीमीटरच्या कागदावर आकाश, पैलतीर आणि पाणी यांचे पहिले वॉश एकाच प्रकाशात देऊन होतात, तर पूर्ण आकाराच्या कागदावर आकाश वाळेपर्यंत समोरची नदी बदललेली असते. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल याने १८२१ आणि १८२२ या दोन वर्षांत लंडनजवळच्या हॅम्पस्टेड येथे केवळ ढगांचे अनेक छोटे अभ्यास कागदावर तैलरंगांत केले आणि त्यांतल्या कित्येकांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि हवामान नोंदवून ठेवले. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे ऑगस्ट १८८९ मध्ये टॉम रॉबर्ट्स, आर्थर स्ट्रीटन, चार्ल्स काँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रदर्शन भरवले, त्यातली बहुतेक चित्रे सिगारच्या खोक्यांच्या सुमारे ९ बाय ५ इंचांच्या लाकडी झाकणांवर रंगवलेली होती. एका समीक्षकाने त्यांवर कडक टीका केली, तेव्हा या तरुणांनी ते परीक्षण प्रदर्शनाच्या दारावरच लावले. आज त्या देशाच्या कलेच्या इतिहासात त्या प्रदर्शनाचे स्थान पक्के आहे.

नदी रंगवताना सर्वांत आधी बाजूला ठेवावी लागते ती ‘पाणी निळे असते’ ही समजूत. पायाजवळच्या पाण्याकडे सरळ खाली पाहिले, तर ते त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम २ टक्के प्रकाश परत पाठवते, त्यामुळे तळाचे दगड, शेवाळ आणि गाळ आपल्याला दिसतो. नजर जसजशी पैलतीराकडे सरकते, तसतसे परावर्तन वाढत जाते आणि तिथे तळाऐवजी आकाश आणि झाडेच दिसू लागतात. अलीकडचे पाणी तपकिरी-हिरवे आणि पलीकडचे आकाशाच्या छटेचे, एवढा एक फरक जरी कागदावर उतरला, तरी पाहणाऱ्याला आपण काठावर उभे आहोत असे वाटते. सगळ्या पात्राला एकच निळा वॉश दिला, की नदी जमिनीवर आडवी पसरण्याऐवजी भिंतीसारखी उभी राहते. वळणांचेही तसेच आहे. नदीचे दूरचे वळण डोळ्यांच्या पातळीजवळ असल्यामुळे फार चपटे दिसते, कित्येकदा एका आडव्या उजळ रेघेएवढेच. ते जवळच्या वळणाइतके ऐसपैस काढले, की सगळी भूमी उताराची भासते. तरंगांची जागाही याच नियमाने ठरते: जवळचे रुंद आणि विरळ, दूरचे बारीक आणि दाट. बाराव्या-तेराव्या शतकातला चिनी चित्रकार मा युआन याच्या नावावर केवळ पाण्याच्या अभ्यासांची बारा पाने आहेत. संथ पाणी, वाऱ्याने शहारलेले पाणी, उसळते पाणी अशी प्रत्येक पानावर वेगळी अवस्था आहे. एवढ्या मोठ्या कलावंताला केवळ पाणी पाहण्यासाठी बारा पाने खर्ची घालावीशी वाटली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

प्रतिबिंबाबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण छोट्या चित्राचा सारा जीव पुष्कळदा त्यातच असतो. प्रतिबिंब म्हणजे वरच्या आकृतीची उलटी नक्कल नव्हे. उथळ पाण्यात उभा असलेला बगळा आपण काठावरून, म्हणजे किंचित वरून पाहतो, त्यामुळे त्याची पाठ दिसते. पाण्यात मात्र त्याचे पोट आणि चोचीची खालची बाजू दिसते. पांढऱ्या बगळ्याचे प्रतिबिंब त्याच्यापेक्षा मळकट असते, तर काळ्या खडकाचे प्रतिबिंब खडकापेक्षा बहुधा थोडे फिके असते. पाणी जरा हलले, की प्रतिबिंब खालच्या दिशेने लांबते आणि त्याचे तुकडे होतात. हे सारे रंगवायला ब्रशचे चार-पाच फटकारे पुरतात, पण ते कुठे द्यायचे हे समोर पाहिल्याशिवाय सुचत नाही. आणि बगळ्याचा पांढरा रंग? तो रंगवायचा नसतोच. जलरंगात त्याच्या मागचा काठ रंगवायचा आणि बगळ्याच्या आकाराचा कागद कोरा सोडायचा. पोस्टकार्डाएवढ्या चित्रात हा कोरा कागद पांढऱ्या गाउशच्या (अपारदर्शक जलरंगाच्या) ठिपक्यापेक्षा कितीतरी उजळ दिसतो.

आता पक्ष्यांविषयी. छोट्या चित्रात पक्षी अर्ध्या सेंटीमीटरचाही नसेल, मग तो कोणता आहे याने काय बिघडते, असे विचारले जाते. माझ्या मते सगळे चित्र तिथेच खरे किंवा खोटे ठरते. एवढ्या लहान आकारात पिसे दिसत नाहीत, पण ठेवण दिसते आणि दुरून आपण पक्षी ओळखतो तो तिच्यावरूनच. बगळे आणि ढोकरी उडताना मान मुडपून घेतात, तर करकोचे आणि क्रौंच ती सरळ पुढे ताणतात. पाणकावळा पोहताना इतका खोल बुडालेला असतो, की मान आणि पाठीची एक रेघ तेवढी वर दिसते, तर बदक पाण्यावर हलके तरंगते. नदीसुरयाचे पंख अरुंद आणि टोकदार, शेपूट दुभंगलेली. बगळ्याचे पंख रुंद आणि त्यांची हालचाल सावकाश. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो आणि चोच खाली रोखलेली असते. शेकाट्याचे पाय शरीराच्या मानाने इतके लांब असतात, की काढताना आपलाच हात बिचकतो आणि ते आखूड काढतो. पक्ष्याच्या पायाचा जो सांधा मागे वळलेला दिसतो तो गुडघा नसून घोटा असतो आणि गुडघा वर पिसांत दडलेला असतो, हे एकदा कळले की उभा पक्षी तोल जाऊन पडेल असा निघत नाही. ‘व्ही’ अक्षराच्या फटकाऱ्यात यातले काहीच नसते. तो कोणताच पक्षी नसतो.

मापाचा प्रश्न तर फारच दुर्लक्षित आहे. पैलतीरावरचा माणूस कागदावर एक सेंटीमीटर उंचीचा काढला असेल, तर त्याच्याशेजारचा छोटा बगळा जेमतेम एक तृतीयांश सेंटीमीटरचा आणि तिथल्याच फांदीवरचा लहान खंड्या, ज्याची लांबी सोळा-सतरा सेंटीमीटर असते, सुमारे एक मिलिमीटरचा यायला हवा. पण खंड्या आपल्याला इतका आवडतो, की त्याला त्याच फांदीवर कावळ्याएवढा बसवले जाते आणि नदीचे पात्र एकदम ओढ्याएवढे होऊन जाते. खंड्या हवाच असेल तर त्याची फांदी अलीकडच्या काठावर आणावी, नाहीतर पलीकडे एका निळ्या ठिपक्यावर समाधान मानावे. त्या निळ्याचीही एक गंमत आहे. लहान खंड्याच्या पाठीवर निळे रंगद्रव्य नसतेच. पिसांच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरतो आणि तो निळा दिसतो, म्हणून पक्षी वळला की छटाही बदलते. ट्यूबमधला कितीही झगझगीत निळा लावला तरी तो तेज देत नाही. ते मिळते ते आजूबाजूचा काठ अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग यांच्या मिश्रणाने निघणाऱ्या करड्या छटेत ठेवल्यावर. मग निळ्याचा एक शुद्ध ठिपका पुरेसा होतो आणि त्याच्याखाली पोटाच्या नारिंगीचा एक कण.

इतक्या बारकाईने पाहण्याला आपल्याकडे आणि अन्यत्रही थोर परंपरा आहे. जहांगीर बादशहाने ज्याला ‘नादिर-उल-अस्र’ (आपल्या काळातला अद्वितीय) ही पदवी दिली, त्या उस्ताद मन्सूरने रंगवलेला सायबेरियन क्रौंच पाहावा: चोचीजवळची उघडी कातडी आणि पायांवरचे खवले यांतले काहीही अंदाजाने काढलेले नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभी जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने युरोपातल्या नीलपंख पक्ष्याचा फक्त एक पंख सुमारे २० सेंटीमीटरच्या चौकोनात जलरंगांनी रंगवला. त्यात प्रत्येक पिसाची निळी-हिरवी छटा निराळी आहे. मन्सूरसारखे किंवा ड्यूररसारखे काम आपल्या हातून होणार नाही, हे उघड आहे. पण त्यांची पाहण्याची रीत कोणालाही उचलता येते.

छायाचित्राला माझा विरोध नाही. पंखाची उघडझाप किंवा पिसांची रचना समजून घ्यायला त्याच्यासारखे साधन नाही. तरीही चित्र त्यावरूनच काढायचे ठरवले, तर काही गोष्टी आपोआप बिघडतात. लांब पल्ल्याची लेन्स अलीकडचा आणि पलीकडचा काठ एकमेकांजवळ आणते. सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपलेले पाणी डोळ्यांना कधीच दिसत नाही अशा थेंबांत गोठते. उजळ आकाश कोरे होते आणि सावलीतला काठ काळा ठिक्कर पडतो. त्या काळ्या सावलीत खरे तर जांभळा, हिरवा, तपकिरी असे कितीतरी रंग असतात आणि डोळा तिथे थोडा वेळ स्थिरावला की ते दिसू लागतात. शिवाय छायाचित्रात पक्षी आयता मधोमध बसलेला असतो. नदीवर तो उडून जातो, थोड्या वेळाने बहुधा परत येतो आणि तेच बसणे पुन्हा बसतो. त्या येण्या-जाण्यात पेन्सिलीने टिपलेल्या दोन-तीन रेषांत त्याचा स्वभाव उतरतो.

साहित्य फार लागत नाही. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) सुती कागद असावा, कारण हलका कागद पाण्याने फुगतो. २२ बाय ३० इंचांच्या एका कागदाचे साडेपाच बाय साडेसात इंचांचे सोळा तुकडे होतात. रंग पाच-सहा पुरेत, मात्र उजेडात न उडणारे असावेत. अस्सल ॲलिझरिन क्रिमसन या गडद लाल रंगाने रंगवलेली संध्याकाळ भिंतीवर काही वर्षांत फिकी पडते. कोरा ठेवायचा भाग झाकणारा द्रव, म्हणजे मास्किंग फ्लुइड, या आकारात मी टाळायला सांगेन, त्याच्या कडा फार कठोर निघतात.

एक गोष्ट मात्र काटेकोरपणे पाळली जावी. ब्रश धुतलेले पाणी नदीत ओतू नये. कॅडमियम आणि कोबाल्ट असलेले रंग पाण्यातल्या जीवांना घातक असू शकतात. हे पाणी बाटलीत भरून परत आणावे. विणीच्या काळात वाळूच्या बेटांवर पाऊल टाकू नये. नदीसुरय उघड्या वाळूवर अंडी घालतात आणि माणूस जवळ आला की उठतात. मग भर उन्हात अंडी तापतात. दुर्बीण घेऊन लांब बसावे. स्थिर बसलेल्या माणसाला पक्षी लवकर सरावतात आणि चित्रासाठी तरी स्थिर बसावेच लागते, ही या छंदातली सोयीची बाब आहे.

आता आपल्याकडे विनंती. पुरवणीत आणि मुलांच्या पानावर वाचकांची छोटी निसर्गचित्रे छापताना ती मोठी किंवा लहान न करता मूळ आकारातच छापावीत. मोठे करून छापलेले पोस्टकार्ड ओबडधोबड दिसते आणि लहान केले की त्यातला पक्षी नाहीसा होतो. चित्राखाली नावासोबत ते कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणत्या हवेत काढले आणि त्यात कोणते पक्षी आहेत, अशी एक ओळ पाठवणाऱ्याकडून मागवावी. ज्याला ही ओळ लिहायची आहे तो आपोआप नदीवर जाईल आणि पक्ष्याचे नाव विचारेल. घरी बसून काढलेली चित्रे नाकारावीत असे मी म्हणत नाही. प्रत्यक्ष पाहून काढलेल्यांना निदान एक कोपरा राखून ठेवावा. जागेची अडचण येऊ नये, कारण आपल्या पानाच्या रुंदीत पोस्टकार्डाच्या आकाराची दोन आडवी चित्रे शेजारी शेजारी बसतात.

कळावे,
आपली नम्र,
निसर्गचित्रे काढणारी एक वाचक