कॅमेऱ्याआधी यादी तर भरा

संपादक महोदय,

राज्याच्या सीमेवर नंबर प्लेट वाचणारे कॅमेरे लावले की चोरीच्या गाड्या सापडतील, असं हल्ली जो तो सांगतो. लावा की! हाडाखेड, नवापूर, सत्रासेन, रावेरजवळचं चोरवड (नावातच चोर!), सगळीकडे लावा. पण माझी गत ऐका.

मागच्या हिवाळ्यात चोपड्याच्या बाजारात भरताची वांगी घ्यायला दहा मिनिटं उतरलो. परत आलो तर मोटारसायकलच्या जागी ऑइलचा डाग तेवढा उरलेला. पोलिसांत गेलो तर उत्तर मिळालं, "काका, कोणी ओळखीचा घेऊन गेला असेल, दोन दिवस बघा." गुन्हा नोंदवला चौथ्या दिवशी. सातपुडा ओलांडायला चोराला चार दिवस कशाला लागतात?

कॅमेरा करतो काय? प्लेटचा फोटो काढतो, संगणक त्यातली अक्षरं ओळखतो आणि चोरीच्या गाड्यांच्या यादीशी ताडून बघतो. यादीत नंबरच नसेल, तर चोर कॅमेऱ्याकडे बघून हसत गेला तरी कुणाला कळणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तक्रार ऑनलाइनही देता येते, फक्त ३ दिवसांत सही करायची. हे मला कुणी सांगितलंच नाही. आलेली तक्रार त्याच तासाला यादीत चढली, तरच त्या कॅमेऱ्याचा उपयोग.

चोर प्लेट बदलतो, हेही खरं. पण एकच नंबर तासाभरात हाडाखेडलाही दिसला आणि पार तिकडे लांब चोरवडलाही, तर एक गाडी बनावट, एवढं संगणकाला कळायला हवं. अशी गाडी थांबवून तिच्या सांगाड्यावर कोरलेला चेसिस नंबर बघावा.

आपणही कमी नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट (ठरावीक अक्षरांची, सहज न निघणारी) लागूनच येते. जुन्या गाड्यांसाठी मुदतीवर मुदती मिळाल्या तरी आपण ढिम्म. माझ्या पुतण्याने ४१४१ असं वळवून लिहिलंय की 'दादा' वाचावं. ते कॅमेऱ्याने कसं वाचायचं? बोललो, तर महिनाभर घरी आला नाही.

गाडीचे चार हप्ते अजून बाकी आहेत. ते मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला बिनचूक कापले जातात.

– एक शेतकरी वाचक, ता. चोपडा