पेप्टाइडच्या कुपीवर बॅच क्रमांक कुठे आहे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वजन घटवणे, गुडघेदुखी, गोरेपणा, तारुण्य अशा सगळ्याच तक्रारींवर हल्ली ‘पेप्टाइड थेरपी’ सुचवली जाते. तिच्या जाहिराती नागपुरातल्या जिमपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत पोचल्या आहेत. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी. १९२२ मध्ये टोरांटोत रुग्णाला पहिल्यांदा टोचलेले इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचे आहे, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिन ९ चे आणि ठिसूळ हाडांसाठीचे टेरिपॅराटाइड ३४ चे. त्यामुळे हा प्रकार मुळातूनच थोतांड आहे, असे म्हणता येणार नाही. अडचण वेगळी आहे. या तपासलेल्या औषधांची पुण्याई वापरून न तपासलेल्या कुप्या खपवल्या जातात.

बीपीसी-१५७ चेच घ्या. १५ अमिनो आम्लांची ही साखळी कंडरा, स्नायू, आतडी सगळे सांधते असा बोलबाला आहे, पण आधार मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांचा. भारतात तिला औषध म्हणून मंजुरी नाही आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत ती २०२२ पासून आहे. नागपूरच्या मानकापूर क्रीडा मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलामुलींनी एवढे ध्यानात ठेवावे की ‘जिममधल्या दादाने दिले’ ही सबब उत्तेजक चाचणीत चालत नाही.

अशा कुप्यांवर बहुधा ‘फक्त संशोधनासाठी’ असे छापलेले असते आणि सोबत ९९ टक्के शुद्धतेचे प्रमाणपत्र जोडलेले असते. ही शुद्धता एचपीएलसी या, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर मोजतात. नमुन्यातल्या पेप्टाइडमध्ये दुसऱ्या साखळ्यांची भेसळ किती, एवढेच त्यातून कळते. पावडर निर्जंतुक आहे का, हे त्यातून कळत नाही. जिवाणू मेले तरी मागे उरणारे एंडोटॉक्सिन त्यात दिसत नाही, आणि थंडी वाजून ताप भरतो तो त्यानेच. कुपीतल्या ५ मिलिग्रॅमपैकी क्षार आणि ओलावा किती, तेही गुलदस्त्यातच राहते.

पुढचा घोळ पाण्याचा. ही पावडर ज्या बॅक्टेरिओस्टॅटिक (जंतूंची वाढ रोखणाऱ्या) पाण्यात विरघळवायची असते त्यात परिरक्षक म्हणून ०.९ टक्के बेंझिल अल्कोहोल असते. असे पाणी उघडल्यावर २८ दिवस वापरता येते. औषधाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या इंजेक्शनच्या साध्या पाण्यात परिरक्षक नसतो, ते एकाच वेळेपुरते. त्यात कालवलेल्या कुपीला महिनाभर सुया टोचत राहिल्या तर आत जंतू वाढणारच.

सर्वांत धोकादायक चूक मात्र सिरिंजची आहे आणि ती खास आपल्याकडची आहे. इंटरनेटवरचे मात्रेचे तक्ते अमेरिकी असतात, ते १०० युनिटची (म्हणजे १ मिलीला १०० युनिटच्या खुणा असलेली) इन्सुलिन सिरिंज गृहीत धरतात. आपल्या दुकानांत नारिंगी टोपणाची १०० ची आणि लाल टोपणाची ४० ची, दोन्ही शेजारी-शेजारी असतात. ५ मिलिग्रॅमच्या कुपीत २ मिली पाणी घातले की १ मिलीत अडीच मिलिग्रॅम औषध येते. ०.२५ मिलिग्रॅम हवे तर ०.१ मिली घ्यायचे, म्हणजे १०० च्या सिरिंजवर १० युनिट. हेच ‘१० युनिट’ लाल टोपणाच्या सिरिंजने घेतले तर ०.२५ मिली भरते आणि अंगात ०.६२५ मिलिग्रॅम जाते. म्हणजे अडीचपट! युनिट हे माप इन्सुलिनचे आहे, दुसऱ्या औषधाच्या मिलिग्रॅमशी त्याचा काही संबंध नाही.

मधुमेह आणि वजन घटवण्यासाठीच्या सेमाग्लुटाइड या पेप्टाइड औषधात अशी चूक महागात पडते. वजनासाठी त्याची सुरुवात आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमने होते, आणि दर ४ आठवड्यांनी ०.५, १, १.७ असे चढत २.४ पर्यंत जायचे असते. पायऱ्या गाळल्या की मळमळ आणि उलट्या. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, दिवसभर उलट्या झालेल्या आणि वर रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या माणसाचे मूत्रपिंड किती सोसणार? ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर एकदम उतरू शकते. उपासाच्या दिवशी तर अधिकच. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कर्करोग झाला असेल, तर हे औषध घेऊ नये.

आता उन्हाळ्याचे. सेमाग्लुटाइडचे न उघडलेले इंजेक्शनचे पेन २ ते ८ अंशांत हवे. चालू पेन काही दिवस ३० अंशांखाली चालते, असे माहितीपत्रक सांगते. पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की आपल्या कूलरच्या खोलीतही ३० अंश सांभाळणे कठीण, म्हणून चालू पेनही सुई काढून फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवावे. दारात नको आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नको, कारण गोठलेले पेन फेकावेच लागते. डीप फ्रीझरमधून काढलेला जेल पॅक थेट पेनला लावला तरी हेच होते. आधी त्याला पाणी सुटू द्यावे, मग कागदात गुंडाळावा. औषध नासले तरी ते बरेचदा स्वच्छच दिसते, त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नये.

त्वचा-सांध्यांसाठी खपवल्या जाणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाच्या पावडरीबद्दल एवढेच, की खाल्लेले पेप्टाइड पोटात बहुतांशी पचून जाते. सेमाग्लुटाइडची गोळी निघाली तीही शोषण वाढवणारे वेगळे द्रव्य घालून. तरीही त्यातले जेमतेम एखादा टक्काच रक्तात पोचते. आणि ती उपाशीपोटी अर्धी वाटी पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास थांबावे लागते, चहासुद्धा नाही!

अन्न व औषध प्रशासनाला विनंती, की इंजेक्शन देणाऱ्या वेलनेस केंद्रांची खरेदीची बिले आणि फ्रिजच्या तापमानाच्या नोंदी तपासाव्यात. लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांची जाहिरात १९५४ च्या चमत्कारी उपचारविषयक कायद्याने मना आहे, तिकडेही पाहावे. ग्राहकाने टोचून घेण्याआधी कुपी हातात घेऊन उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत वाचावी व तेच बिलावर लिहून मागावे. त्रास झालाच तर रिकामी कुपी फेकू नये. डॉक्टरांना ती दाखवून औषधाच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर कळवावे.

आपला,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट, नागपूर