मठाराच्या खुणा

डंडी, स्कॉटलंड, 12 एप्रिल

तीर्थरूप आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगण्याचा प्रयत्न मी गेल्या रविवारी दोनदा केला. परंतु आईने तिकिटाचे विचारले आणि मला विषय बदलावा लागला, म्हणून आता लिहिते आहे. बाबा, तुमच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी नाशिकला येऊ शकणार नाही. आमच्या संगणक-खेळांच्या वर्गाचे प्रदर्शन नेमके त्याच आठवड्यात आहे आणि मी त्यात नाव देऊन टाकले आहे. कृपा करून शस्त्रक्रिया पुढे ढकलू नका. माझ्यासाठी तुम्ही आणखी महिनाभर धूसर पाहत राहिलात, तर ते मला सहन होणार नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी येते आहे आणि ते तिकीट काढलेले आहे.

चित्रे टांगून मुलीला विमानात का बसता येत नाही, असे आईच्या मनात येईल. आमचे काम भिंतीवर टांगलेले नसते. ते संगणकावर जिवंत चालते, आणि गावातली शाळकरी मुले, आजी-आजोबा, कोणीही येऊन हातात कंट्रोलर घेऊन पडद्यावर आम्ही उभ्या केलेल्या जागेत फिरते. खेळ तयार करणाऱ्या स्टुडिओंची माणसेही येतात, वस्तूवरचे रंग काढून आतली त्रिकोणांची जाळी दाखवायला सांगतात आणि इथे इतके त्रिकोण का खर्च केले, असे विचारतात. त्याचे उत्तर ज्याने काम केले त्यालाच देता येते. या क्षेत्रात गुणपत्रिका फारशी कोणी मागत नाही, केलेले काम पाहतात. खेळ करायला विद्यापीठ कशाला, असे धाकटे काका म्हणाले होते, ते तुम्हा दोघांना किती लागले होते हे मला ठाऊक आहे. त्यांना सांगा की संगणक-खेळांची जगातली पहिली पदवी 1997 साली आमच्याच ॲबर्टे विद्यापीठात सुरू झाली, आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 2012 मध्ये चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले. बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट आहे. ‘लेमिंग्ज’ नावाचा गाजलेला खेळ 1991 मध्ये याच गावात तयार झाला, म्हणून त्यातल्या प्राण्यांचे पुतळे इथल्या एका बागेत बसवले आहेत, आणि तेही धातूचे ओतीव. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा तुमच्यासारखे बोटाने वाजवून पाहिले.

आता जे सांगायला मी इतका वेळ घेतला ते सांगते. प्रदर्शनात मी भांडी बाजारातले आपले दुकान मांडते आहे. दुकानाचा विषय निघाला की घरात सगळे गप्प होतात, म्हणून आधी विचारले नाही. तुम्ही नको म्हणाला असतात तर मला ते करता आले नसते. त्यात कुटुंबाचे नाव किंवा चेहरा कुठेही नाही. ऐरण आहे, लाकडी हातोडे आहेत, बंब आहे आणि मधोमध ते मोठे घंगाळ आहे. मूळ घंगाळ मी वीस लाख त्रिकोणांचे कोरले, पण खेळ सुरळीत चालायचा तर संगणकाला सेकंदाला साठ चित्रे काढावी लागतात, म्हणून त्यात तीन हजार त्रिकोणांचेच ठेवता येते. मग मठाराची, म्हणजे हातोड्याच्या ठोक्याची, प्रत्येक खूण एका वेगळ्या चित्रात उतरवायची, आणि ते चित्र सपाट पृष्ठभागावरच्या उजेडाला इथे वळ, तिथे वळ असे सांगते. पहिल्यांदा मी खुणा यंत्राकडून पसरवून घेतल्या. सर्वांना छान वाटल्या, मला मात्र झोप आली नाही. बुडाच्या मध्यापासून सुरुवात करायची आणि प्रत्येक ठोक्याने आधीच्या ठोक्याची कड धरायची, हे तुम्ही मला मांडीवर बसवून शिकवले होते. ते सगळे पुसून वेढ्यावेढ्याने हाताने पुन्हा केले, त्यात नऊ दिवस गेले. त्या ठोक्यांच्या आवाजात मी दुपारी पोत्यावर झोपत असे, आणि तुम्ही उन्हाची तिरीप माझ्या तोंडावर येऊ नये म्हणून परात उभी करत असत.

भिंतीवर 2016 च्या पुराची रेघही ठेवली आहे. ज्याच्यावरून आपण गोदेचा पूर मोजतो तो दुतोंड्या मारुती इथल्या कोणाला माहीत नाही, तरी आमच्या बाई त्या रेघेपाशी थांबल्या, वरच्या फळीवर कोंबलेली भांडी पाहिली आणि हळूच म्हणाल्या, “पाणी आले होते ना?” मी काहीही सांगितले नव्हते.

आई, आता नीट ऐक. शस्त्रक्रियेच्या दिवशी मावशी सकाळीच येणार आहे, तिच्याशी माझे बोलणे झाले आहे. येताना गाडी ठरवलेली आहे, रिक्षाने जायचे नाही. बाबांची साखर आधी तपासून घे. थेंबांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लाव. डॉक्टर सांगेपर्यंत त्यांनी डोक्यावरून आंघोळ करायची नाही, डोळा चोळायचा नाही, वाकून बादली उचलायची नाही आणि गंगेवर, गोदाकाठी, फिरायलाही जायचे नाही. तूही उभ्याने जेवू नकोस, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी घेतलेला नाही. तुमचे सकाळचे अकरा म्हणजे माझे साडेसहा. मी रोज त्या वेळी फोन करीन. रागावू नका, किंवा थोडे रागवा, पण फोन उचला.

बाबा, मोतीबिंदूमुळे सगळे पिवळट दिसते. तो काढल्यावर रंग स्वच्छ दिसतील. मी जूनमध्ये संगणक घेऊन येते, तेव्हा तांब्याचा लालपणा बरोबर साधला आहे का आणि मठार कुठे चुकला आहे का, ते जवळून पाहून सांगा. प्रदर्शन झाले तरी मला ते दुरुस्त करता येते.

तुमची,
छोटी