ऑफिसची पार्टी रात्री नकोच

पुणे,
३ डिसेंबर २०२५

प्रिय सुधीर,

पार्टीच्या कमिटीत तुला घातलंय म्हणतोस. अभिनंदन म्हणू की सांत्वन करू? मुंढव्याचं लॉन, १८ तारीख, गुरुवार, संध्याकाळी ७, माणसं २००. तू मत विचारलंस म्हणून सांगतो, रात्रीची पार्टीच रद्द कर. बाकीचं सगळं त्यातूनच बिघडतं.

आधी वार बघ. शुक्रवार-शनिवारी लॉनचे दर चढे, म्हणून गुरुवार स्वस्तात मिळाला असणार. पण तो मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आहे रे! घरी घट मांडलेला, संध्याकाळी पूजा, नैवेद्य, हळदीकुंकू, मग उपवास सोडायचा. ज्यांच्याकडे हे असतं त्या येणार नाहीत, आणि साहेबांच्या धाकानं आल्याच तर चिकन टिक्क्याशेजारी सोडा पीत उभ्या राहतील. महिनाभर नॉनव्हेज न खाणारे पुरुषही असतात. केटरर मात्र गॅरंटी घेऊन बसलेला. २०० ताटं सांगितली की १५० माणसं आली तरी बिल २०० चंच. त्यावरचा जीएसटीही कंपनीला परत मिळत नाही, कारण जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार जेवणखाण आणि केटरिंगवर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, सहसा मिळत नाही. अकाउंट्सला हे शेवटी कळतं आणि मग खापर कमिटीवर.

आता वेळ. हिंजवडी फेज ३ मधल्या तुमच्या ऑफिसातून सुटून अख्खं शहर ओलांडत मुंढव्याला जायचं, म्हणजे ७ चं ८.३० झालंच समज. तोवर स्टार्टर्स आधी पोचलेल्यांनी संपवलेले. मग भाषणं, बक्षिसं, तो माइकवाला आणि त्याचे खेळ. बुफे उघडतो पावणेदहाला. उघड्यावर लाउडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी, त्यामुळे डीजेचे पैसे भरून नाच जेमतेम पाव तास, तोही लोक ताट घेऊन रांगेत असताना. डिसेंबरातल्या उघड्या लॉनवर जेवण गरम ठेवायला भांड्याखाली पेटवलेल्या जेलच्या डब्या वाऱ्यानं विझतात. पनीरच्या रश्श्यावर तेलाचा थर थिजतो, नान वातड होतात आणि वाढपी नुसता झाकण उघडून परत ठेवत राहतो.

दारू ठेवणार असाल तर वेगळीच कटकट. लॉनकडे बारचा परवाना नसेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एका दिवसाचा काढावा लागतो. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि व्हिस्की-रमला २५ वर्षं पूर्ण लागतात. तुमच्याकडे कॅम्पसमधून आलेली २२-२३ ची पोरं किती आहेत ते मोज. शिवाय २०१३ च्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात कामानिमित्त जिथं जावं लागतं ती जागा आणि कंपनीनं दिलेली गाडी, दोन्ही 'कामाची जागा'च. 'पार्टीत झालं, ऑफिसचा काय संबंध' हे चालत नाही. रात्री ११ ला कोण कुठल्या कॅबमध्ये बसलं याची यादी हातात ठेवणारा, न पिणारा माणूस तुमच्याकडे आहे का? बहुतेक ते तुझ्याच गळ्यात पडेल.

त्यापेक्षा बुधवारी दुपारी, कामाच्या वेळेत, १२.३० ते ३.३०, ऑफिसच्याच कॅन्टीनमध्ये ठेव. तीन दिवस आधी नावं घे, सोबत व्हेज, नॉनव्हेज, जैन, उपवास असं विचार. आलेल्या नावांपेक्षा गॅरंटी थोडी कमी सांग आणि वरची ताटं त्याच दरानं द्यायची, हे लिहून घे. भाषण एकच, १० मिनिटांचं, तेही जेवणाआधी. खेळ नकोत. सिक्युरिटी आणि हाउसकीपिंगवाल्यांना त्याच पंगतीत बसव, उरलेलं डब्यात भरून देऊ नकोस. कॉन्ट्रॅक्टवाल्यांकडून वर्गणी तर मुळीच घेऊ नकोस. सपोर्टची शिफ्ट सुटत नसेल तर त्यांचं जेवण आधी लाव.

साहेब म्हणतील, दारूशिवाय मजा काय? ज्यांना हवी ते संध्याकाळी आपापल्या पैशानं बसतीलच.

लॉनला ॲडव्हान्स गेला नसेल तर आजच फोन कर. गेला असेल तर आधी पावतीमागची रद्द करण्याची अट वाच, आणि पैसे परत देत नसतील तर तीच रक्कम कंपनीच्या दुसऱ्या कार्यक्रमाला वळती करून माग.

तुझा,
अविनाश