आशाताईंच्या त्या सहा भेटी सांभाळा

संपादक महोदय,

आशाताई संपावर गेल्या की त्यांची बातमी होते. आझाद मैदानावरचा फोटो, मानधनाचा आकडा, मंत्र्यांचे आश्वासन. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने त्यांच्या मोबदल्यात ५ हजार रुपयांची वाढ केली, तेव्हाही सगळी चर्चा त्या आकड्याभोवतीच फिरली. वाढ मिळाली, ती मिळायलाच हवी होती. पण ही बाई गावात नेमके करते काय, हे वाचकांना कोणी सांगतच नाही. शहरात तिची ओळख 'फॉर्म भरणारी, गोळ्या वाटणारी' एवढीच उरली आहे. आरोग्य खात्यात उभी हयात काढलेल्या माझ्यासारखीला याहून जास्त खटकते ते हे, की खुद्द खातेही तिला हळूहळू तसेच वापरू लागले आहे.

तिचे सर्वांत मोलाचे काम बाळंतपणानंतरच्या घरभेटींचे. दवाखान्यात बाळंतपण झाले तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झाले तर पहिला दिवस धरून सात. आता बहुतेक बाळंतपणे दवाखान्यातच होतात (पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा आकडा ९४.७ टक्के आहे), मग घरी जायचे कशाला, असे शिकलेली माणसेही विचारतात. अहो, नॉर्मल बाळंतीण दोन-तीन दिवसांत घरी येते. जन्मल्यापासून महिन्याच्या आत दगावणाऱ्या बाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच जातात, आणि त्या आठवड्यातले निम्म्याहून अधिक दिवस बाळ घरीच असते.

तिसऱ्या दिवसाची भेट कशी असते ते सांगते. आशा आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुते. काखेत थर्मामीटर लावून ताप बघते. बाळ गार पडणे हे तापाइतकेच वाईट. मग काट्याच्या हुकाला झोळी अडकवून बाळ त्यात ठेवते. इथे हमखास सासूबाई आडव्या येतात, 'तान्ह्या लेकराला तोलू नये, नजर लागते.' त्यांची समजूत काढत वजन घ्यायचे. अडीच किलोच्या खाली असेल तर आंघोळ बंद, आईच्या उघड्या छातीशी धरायला शिकवायचे आणि भेटी वाढवायच्या. त्यानंतर झबले वर करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. अर्धे मिनिट मोजून दुप्पट केलेले चालत नाही, कारण तान्ह्याचा श्वास एकसारखा नसतो. ६० किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, आणि परत तेवढेच आले किंवा छाती आत ओढली जात असेल तर गाडी बोलवायची. नाळेला हळद-तेल लावले आहे का, मध-गुटी चाटवली का, चीक (आईचे पहिले घट्ट दूध) पिळून टाकला का, हे सगळे विचारायचे, पण भांडण न करता. आईचा ताप, अंगावरून किती जाते, त्याला वास येतो का, हेही बघायचे. तिला नुसता भात वाढत असतील तर डाळ-भाजी का द्यायची ते पुन्हा सासूबाईंनाच सांगायचे. नीट केले तर तास-दीड तास सहज जातो.

गावातल्या सातवी-आठवी शिकलेल्या बाईला हे जमेल का, ही शंका आपल्या राज्यात कधीच फिटलेली आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या निरक्षर बायकांना हाताशी धरून आरोग्याचे काम उभे केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला, न्यूमोनिया आणि जंतुदोष ओळखून औषध द्यायला शिकवले. तिथला नवजात मृत्युदर हजार जन्मांमागे ६२ वरून काही वर्षांतच सुमारे २५ वर आला. शेजारच्या ज्या गावांत हे काम नव्हते तिथे तो होता तसाच राहिला. 'लॅन्सेट'ने १९९९ मध्ये तो अभ्यास छापला आणि २०११ पासून केंद्र सरकारने घरभेटींची योजना देशभरातल्या आशांकडे दिली.

देताना मोल काय ठरवले? सगळ्या भेटी मिळून २५० रुपये. सहाने भागून पाहा, भेटीमागे ४२ रुपयेही पडत नाहीत. त्यातही मूळ सूचनांमध्ये अट होती की बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघेही सुखरूप असावेत. म्हणजे ज्या घरात जाऊन जाऊन चपला झिजल्या, तिथलेच बाळ गेले तर पैसेही गेले. ही अट ज्याने लिहिली त्याने बाळंतिणीच्या खोलीत कधी पाय ठेवला असेल असे वाटत नाही.

त्यात बाकीच्या कामांचा रेटा. कुष्ठरोग-क्षयरोग शोधमोहीम, पोलिओ रविवार, आयुष्मान कार्ड, २०२४ मध्ये लाडकी बहीणचे अर्ज, आणि या सगळ्याच्या मोबाइलवरच्या नोंदी. मोहिमेला तारीख असते, रोज सायंकाळी आकडा मागणारा साहेब असतो. चौदाव्या दिवसाच्या भेटीचा आकडा त्या दिवशी कोणी मागत नाही. मग जी भेट कोणी विचारत नाही तीच राहते, आणि महिनाअखेरीला कागदावर होते. मी पर्यवेक्षणात होते, म्हणून सांगते, अशी नोंदवही ओळखायला फारशी हुशारी लागत नाही. तिच्यात प्रत्येक बाळ दर भेटीला बरोबर २०० ग्रॅमने वाढलेले असते, शाई एकच आणि अक्षरही एका बैठकीतले. खरी बाळे अशी वाढत नाहीत. पहिल्या आठवड्यात तर उलट थोडी उतरतात. मी आशांना दोष देत नाही. कित्येकींच्या किटमधला काटा बिघडून पडलेला असतो, थर्मामीटरचे सेल संपलेले असतात आणि ते पदरच्या पैशाने घ्यायचे की नाही, हा तिचा तिने सोडवायचा प्रश्न असतो. शिवाय वरून भरलेला रकाना हवा असतो, रिकामा नको.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की मानधनाबरोबर या भेटींकडे बघा. ज्या आशाच्या गावात तीन-सात-चौदा दिवसांचे बाळ आहे, तिला त्या दिवशी दुसऱ्या मोहिमेला जुंपू नका. काटा आणि थर्मामीटर आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांनी दर महिन्याला तपासावेत, आणि रिकामा रकाना दिसला तर तो प्रामाणिक समजून आधी कारण विचारावे.

आमच्या नाशिक जिल्ह्यातला एक प्रश्न मात्र याने सुटणार नाही. पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबे दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला उतरतात. बाळंतीणही महिना भरायच्या आत निघते, कारण घरी मागे कोणी राहत नाही. गावच्या आशाच्या यादीत ते बाळ असते पण गावात नसते. बागेच्या कडेला पालात असते, पण तिथल्या आशाच्या यादीत नसते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेल्या मुलीचेही असेच होते, पण तिथे निदान आजी असते. पालात आई सकाळी सातला बागेत जाते आणि बाळ चार-पाच वर्षांच्या बहिणीकडे असते. कागदोपत्री याची सोय असेलही, मी तरी ती पालापर्यंत पोहोचलेली पाहिलेली नाही. गाव सोडताना आशाने बाळाचे नाव आणि मुकादमाचा नंबर तिकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावा, राहिलेल्या भेटी तिकडच्या आशाने द्याव्यात आणि जिने जेवढ्या भेटी दिल्या तिला तेवढ्याचे पैसे मिळावेत. जिल्हा परिषदेने छाटणीचा हंगाम सुरू व्हायच्या आत एवढे केले तरी या वर्षीच्या बाळांना उपयोग होईल.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका,
जि. नाशिक