निकितीनच्या गावाहून आजोबांना

त्वेर, रशिया
ऑक्टोबर

तीर्थरूप आजोबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्राचे फोटो दादाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवतेय. अक्षर बारीक वाटलं तर त्याला मोठं करून दाखवायला सांगा. त्याने वाचून दाखवलं तर तो मधली वाक्यं गाळतो, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची नवी बॅच आली. त्यातली लातूरची एक मुलगी माझ्या शेजारच्या खोलीत आहे. मॉस्कोत एक रात्र काढून ती 'लास्तोच्का' नावाच्या रेल्वेगाडीने इथे आली, आणि दुसऱ्याच दिवशी तोंड पाडून बसली. "ताई, हे तर तालुक्याचं गाव वाटतं. इथे बघायला काय आहे?" म्हटलं, रविवारी चल.

तुमच्या जुन्या ॲटलासमध्ये त्वेर शोधू नका, सापडणार नाही. १९३१ ते १९९० या गावाचं नाव कालिनिन होतं. मॉस्कोपासून पीटर्सबर्गच्या वाटेवर साधारण १७० किलोमीटर, व्होल्गेच्या काठी. एके काळी त्वेरचं स्वतंत्र राज्य होतं आणि मॉस्कोशी त्याची बरोबरीची चुरस होती. १४८५ साली मॉस्कोने ते गिळलं. म्हाताऱ्या घरमालकिणी अजून मॉस्कोबद्दल जरा नाक मुरडूनच बोलतात, पण त्याचं कारण घरभाडी असावीत, इतिहास नव्हे.

आम्ही सुरुवात राजवाड्यापासून केली. १७६३ साली मोठी आग लागून गाव जळालं. मग कॅथरीन राणीने ते नव्याने आखून घेतलं. तीन सरळ रस्ते एका चौकातून फाकलेले, पीटर्सबर्गच्या धर्तीवर, आणि नदीकाठी भिंतीला भिंत लावून उभी केलेली दोन मजली घरं. मॉस्को आणि पीटर्सबर्ग या दोन राजधान्यांमध्ये ये-जा करताना राणीला मुक्काम करता यावा म्हणून हा वाडा बांधला. आता तिथे चित्रांचं संग्रहालय आहे. लातूरकरणीने दारातच सेल्फी काढला आणि पुढे निघाली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, वाडा बाहेरूनच जास्त छान दिसतो.

शेजारीच तारणहाराचं मोठं चर्च. त्या जागेवर पहिलं दगडी चर्च १२८५ साली बांधायला घेतलं होतं. नंतरच्या काळातली इमारत १९३५ साली सुरुंग लावून पाडली, आणि आता अलीकडे पुन्हा उभारली. भिंती इतक्या कोऱ्या की ती म्हणाली, "हे तर नवंच आहे!" नवंच आहे. पण मला जी गोष्ट सांगायची होती ती इथूनच सुरू होते. पंधराव्या शतकात, १४७०च्या थोडं आधी, त्वेरचा अफानासी निकितीन नावाचा व्यापारी निघाला. त्याच्या टिपणांची सुरुवातच अशी आहे की सोनेरी घुमटाच्या तारणहाराच्या चर्चपासून तो व्होल्गेने खाली गेला.

आजोबा, हा माणूस आपल्या जुन्नरला पोचला.

आस्त्राखानजवळ तातारांनी लुटलं, माल गेला. बरोबरच्यांपैकी ज्यांचं घरी काही होतं ते परतले, ज्यांच्या डोक्यावर कर्ज होतं त्यांनी वाट फुटेल तिकडे जायचं ठरवलं. निकितीन त्या दुसऱ्यांतला. बाकू, इराण, होर्मुझ करत तो घोडा घेऊन चौलला उतरला. हे सांगताना आमची मुलगी पहिल्यांदा नीट ऐकायला लागली. "म्हणजे कर्ज काढून परदेशी आलेला, आपल्यासारखाच," ती म्हणाली. तिच्या बाबांनी बँकेचं कर्ज काढलंय, आणि आपलंही तेच, म्हणून मी नुसती हसले.

चौलहून तो पालीमार्गे घाट चढून जुन्नरला आला आणि अख्खा पावसाळा तिथेच अडकला. लिहितो, चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल. त्या दिवसांत लोक नांगरतात आणि गहू, भात, हरभरा पेरतात. आता गहू-हरभरा पावसाळ्यात कसा पेरतील, हे तुम्हीच सांगा; मला वाटतं परतीच्या पावसानंतरची पेरणी त्याने त्यातच घुसडली. गाव दगडी डोंगरावर आहे, म्हणतो, देवानेच घडवलेलं, आणि वाट इतकी अरुंद की दोन माणसं जोडीने जाऊ शकत नाहीत. हा शिवनेरीच, मला तरी शंका नाही. महाराजांच्या जन्माच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी! घोड्यांना हरभरा घालतात, साखर घालून खिचडी शिजवतात, हेही त्याने टिपून ठेवलंय. तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडाही परत आणि वर हजार मोहरा, असं सांगितलं. खुरासानच्या महंमद नावाच्या एका माणसाने रदबदली केली, म्हणून घोडा सुटला. पुढे तो बीदरला गेला, तिथे कुठे घोडा विकला गेला. परतताना दाभोळहून जहाज धरलं. त्वेरला मात्र पोचला नाही, अलीकडे स्मोलेन्स्कजवळच वारला. वह्या तेवढ्या मॉस्कोला पोचल्या.

व्होल्गेवरच्या पुलावरून पलीकडे गेलो की त्याचा पुतळा. १९५५ सालचा, नावेवर उभा, दाढीवाला. लोक सांगतात की सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने नेहरूंना त्याचं स्मारक आहे असं ठोकून दिलं आणि मग घाईघाईने उभारावं लागलं. खरं-खोटं देव जाणे, पण गोष्ट इथे सगळ्यांना आवडते. मला आवडतं ते निराळंच. या गावात राजे होऊन गेले, पण पाहुण्याला आधी दाखवतात तो हा, धंद्यात बुडालेला आणि घरी न पोचलेला माणूस. रेवदंड्यालाही त्याचा स्तंभ आहे. जुन्नरला काहीच नाही, ते मला खटकतं.

पुतळ्यापासून काठाने गेलं की जुन्या नदीबंदराची डौलदार, मनोऱ्याची इमारत होती. २०१७ साली मधला भाग कोसळला. तिने नेटवर फोटो पाहिला होता, हिरमुसली.

शेवटी मी तिला प्रोलेतार्का नावाच्या वस्तीत नेलं. मोरोझोवांच्या सूतगिरणीच्या कामगारांसाठी बांधलेल्या लाल विटांच्या लांबलचक इमारती, मोठाले बोळ, सामाईक स्वयंपाकघरं, आणि एका इमारतीचं नाव चक्क 'पॅरिस'. थोरल्या आजोबांची लालबागची चाळ आठवली. अजून तिथे माणसं राहतात. आमच्या वर्गातल्या रशियन मुली तिकडे जाऊ नका म्हणतात. दिवसा काही होत नाही, आईला सांगू नका.

येताना कारेलियन (इकडचा एक समाज) आज्यांच्या हातच्या कालित्की खाल्ल्या, राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या, मध्ये बटाटा. तिला मीठ-मिरची कमी वाटली. माझ्याकडची लसणाची चटणी काढून दिली, ती जवळपास संपवलीन.

तेव्हा आईला म्हणावं, नोव्हेंबरात आपल्याकडून कुणी मुलं निघणार आहेत, त्यांच्याबरोबर चटणी आणि भाजणी दे, या वेळी दोघींची. आणि तुम्ही ग्रंथालयात जुन्नरच्या जुन्या पेरणीबद्दल काही सापडतं का बघा. गव्हाचं कोडं मला सोडवायचंच आहे.

आजीला नमस्कार. गुडघ्याला तेल लावताय ना?

तुमची,
छकुली