काका, बेट दाखवलंत त्याबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुर्कस्तानच्या सहलीत आपली ओळख जेमतेम आठ दिवसांची. पण घरी येऊन फोटो लावायला बसले आणि जाणवलं, यातल्या निम्म्या फोटोंचा अर्थ मला तुमच्यामुळे कळतोय. म्हणून हे पत्र.

एफिससला, त्या प्राचीन शहराच्या अवशेषांत, वरच्या दारातून खाली येताना तो झिजून गुळगुळीत झालेला संगमरवरी रस्ता आठवतो ना? आईचा पाय दोनदा घसरला. बाकीची मंडळी केव्हाच पुढे गेली होती. तुम्ही काही न बोलता तिचा हात धरलात आणि सेल्ससच्या ग्रंथालयापर्यंत तिच्या चालीनं चाललात. एवढ्यासाठीच मी जन्मभर तुमची ऋणी राहीन.

मग नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर तिला टेकवून तुम्ही समोरच्या सरळसोट रस्त्याकडे बोट दाखवलंत. ‘‘हा बंदराचा रस्ता. रात्री दिवे लागायचे इथं. त्या टोकाला जहाजं.’’ टोकाला नुसती झुडपं! नदीनं गाळ आणून आणून बंदर बुजवलं आणि समुद्र कितीतरी किलोमीटर मागे हटला, हे तुम्ही सांगितलंत. आईनं लगेच विचारलं, ‘‘मग लोकांनी काहीच केलं नाही?’’ केलं होतं. पुन्हा पुन्हा गाळ उपसला, इ.स. १२९ च्या सुमारास सम्राट हेड्रियननं नदीचा प्रवाहसुद्धा वळवायला लावला. त्यानंतरही गाळ येतच राहिला. आई बराच वेळ त्या झुडपांकडे बघत बसली होती.

मिलेटसला, त्या दुसऱ्या प्राचीन शहरात, तर तुम्ही नसता तर मी खांब मोजून परतले असते. सपाट शेतांमधला एक बुटका डोंगर दाखवून तुम्ही म्हणालात, ‘‘हे लादे. बेट होतं हे.’’ इ.स.पू. ४९४ मध्ये त्याच्या आसपासच्या पाण्यात इराणी आणि आयोनियन ग्रीकांची आरमारं भिडली, ग्रीक हरले आणि मिलेटस पडलं. आता तिथंही गाळ भरून सगळी शेतं. अंगावर काटा आला, काका. पडक्या भिंती मी आधीही पाहिल्या होत्या, पण नाहीसा झालेला समुद्र पहिल्यांदाच पाहिला.

त्या डोंगराचा फोटो सोबत पाठवतेय. दिसायला अगदी साधा आहे, पण आईनं तोच मोठा करून भिंतीवर लावायला सांगितलाय.

तुमची,
सहलीतली पुतणी